एक तार, सहा हीटर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ट्रकचा हीटर म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लडाख नाही तर काश्मीर उभं राहतं. बर्फ पडतोय, ड्रायव्हर कानटोपी घालून बसलाय आणि केबिनमध्ये गरम हवा येतेय. आमच्या तासगावच्या ट्रकला असला हीटर कशाला लागतोय? आमच्याकडे मार्च उजाडला की इंजिनची धग थेट ड्रायव्हरच्या पोटऱ्यांना लागते. तरीही पन्नास-साठ वर्षांपूर्वी तासगावच्या नाक्यावर पहाटे उभं राहिलं तर हमखास एक वाक्य कानावर पडायचं, "हीटर धरलाय न्हवं? मग सेल्फ मार की!"

हा हीटर माणसांसाठी नव्हता, इंजिनसाठी होता. बोटाएवढा तुकडा, टोकाला जाड तारेचं वेटोळं. इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला एक, असे सहा. सहाही एकाच तारेत एकापाठोपाठ एक ओवलेले. आज मी बोलणार आहे तो या तारेचा इतिहास. विषय लहान वाटेल, पण आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच जणांचं पोट एके काळी या तारेला बांधलेलं होतं.

आठवण निघायचं कारण असं झालं. गेल्या थंडीत तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार स्नेह्यांचा फोन आला. वडिलांनी घेतलेली १९६३ सालची टाटा-मर्सिडीज त्यांनी शेडमधून बाहेर काढून नव्यासारखी केली होती. रंग, लाकडी हौदा, सीट, टायर, सगळं झालं होतं. "सर, एकच अडलंय. हीटरची तार लाल होत नाही, आणि हल्लीच्या पोरांना हीटर म्हणजे काय तेच ठाऊक नाही. तुम्ही येता का?" मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेला माणूस. टेस्ट लॅम्प पिशवीत टाकला आणि निघालो. तिथे काय सापडलं ते शेवटी सांगतो. आधी ही गाडी तासगावात आली कशी, ते बघू.

तासगाव हे परशुरामभाऊ पटवर्धनांचं गाव. गणपतीचं देऊळ आणि त्याचं दक्षिणी धाटणीचं उंच गोपुर यांच्यामुळे ते सगळ्यांना माहीत आहे. १८४८ साली हे संस्थान इंग्रजांनी खालसा केलं आणि तासगाव सातारा जिल्ह्यात गेलं. आजूबाजूला मात्र सांगली, मिरज, औंध अशी संस्थानं शिल्लक होती. १९४९ साली दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. मालाच्या वाहतुकीला या सगळ्याचा त्रास व्हायचा. गावाला रेल्वे नाही. स्टेशन म्हणजे भिलवडी, नाही तर किर्लोस्करवाडी. तिथवर बैलगाडी. पुढे पुणे-मिरज मार्ग मीटर गेजचा. मुंबईला जाणारा माल पुण्यात एका डब्यातून उतरवायचा आणि दुसऱ्या, रुंद रुळावरच्या डब्यात भरायचा. हळदीचं पोतं, गुळाची ढेप असला माल ही उतरंड सोसतो. द्राक्षाचा घड सोसत नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी हा मार्ग रुंद झाला, पण तोवर द्राक्षानं रस्ता धरलेला होता.

रस्त्यावर सुरुवातीला होत्या त्या पेट्रोलच्या गाड्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा काही मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी लावून तिच्या गॅसवर गाडी चालवत. युद्ध संपल्यावर लष्करानं विकायला काढलेल्या फोर्ड, शेव्हरलेट, डॉज अशा डिस्पोजलच्या गाड्या बाजारात आल्या. या गाड्या चालू करायची पद्धत म्हणजे पुढून हँडल मारणं. हँडल उलटं फिरून मनगट मोडलेले जुने क्लीनर मी पाहिले आहेत.

मग १९५४ साल आलं. जमशेदपूरला टाटांची टेल्को ही कंपनी १९४५ पासून होती आणि ती रेल्वेची इंजिनं बनवत असे. तिनं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी पहिला टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडला. पुढे लांब नाक, त्यावर तीन पाकळ्यांची चांदणी. इंजिन सहा सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं. सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर, दट्ट्याची धाव १२० मिलिमीटर, म्हणजे साधारण ४,५८० सीसी. मद्रासकडून लेलँडची कॉमेट आली, कलकत्त्याकडून बेडफर्ड, मुंबईच्या कुर्ल्याहून प्रीमियरची फार्गो आणि डॉज. पण आमच्या भागातल्या आठवणी निघतात त्या बहुतेक मर्सिडीजच्याच. ट्रकवाल्यांचं गणित साधं होतं. डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त आणि एका लिटरला गाडी जास्त पळते.

डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबायची, ती दाबानं तापते, मग त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा मारायचा की भडका होतो. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली यशस्वी झालं तेव्हा तेलाचा फवारा मारायला दाबलेल्या हवेचं अवजड यंत्र लागत असे. ते मोटारीत बसणं शक्य नव्हतं. १९०९ मध्ये मानहाइमच्या बेंझ कारखान्यातल्या प्रॉस्पर लोरांज या इंजिनिअरनं त्यावर तोड काढली. सिलिंडरच्या माथ्यावर एक छोटी कोठडी करायची, तेल आधी त्या कोठडीत सोडायचं. तिथे पहिला भडका उडतो आणि त्याच्या जोरानं उरलेलं जळतं तेल भोकांतून खाली सिलिंडरमध्ये घुसतं. फवारा फार बारीक, फार दाबाचा असायची गरज उरली नाही. इंजिन गुरगुरलं तरी ठोके देत नसे, आणि तेल थोडं हलकं-भारी असलं तरी चालवून घेत असे. टाटा-मर्सिडीजचं इंजिन याच जातीचं.

या कोठडीत एक खोट होती. चुलीवर एक मोठं पातेलं आणि चार वाट्या ठेवा, कुठलं पाणी लवकर निवेल? वाट्यांमधलं. तसंच इथे. जागा लहान आणि तिच्याभोवती गार लोखंड जास्त. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनात हवा दाबून तापवली, तरी कोठडीच्या गार भिंती तिची ऊब शोषून घेतात. तेल पेटत नाही. सेल्फ फिरतो, धुराड्यातून पांढरा धूर येतो आणि बॅटरी बसते. म्हणून त्या कोठडीत तारेचं एक वेटोळं सोडलं. सेल्फ मारायच्या आधी मिनिटभर ते लाल करायचं. हाच हीटर. लेलँडच्या इंजिनात तेल थेट सिलिंडरमध्ये जाई, त्यामुळे तिला हे लागत नसे. लेलँडवाले आमच्या मर्सिडीजवाल्यांना हसायचे, आणि घाटात मागे पडल्याचा राग त्यावर काढायचे असं मर्सिडीजवाले म्हणत. खरंखोटं दोन्हीकडच्या ड्रायव्हरांना ठाऊक.

आता जोडणी बघा. गणपतीच्या आराशीत जुन्या पद्धतीची दिव्यांची माळ असते, एक दिवा गेला की सगळी माळ अंधारी. हे सहा हीटर तसेच होते. बॅटरीतून वीज निघाली की स्विचमधून डॅशबोर्डवर यायची. तिथे बारीक जाळीच्या आड आणखी एक वेटोळं होतं. आमच्याकडे त्याला नुसतं 'तार' म्हणत. त्यातून वीज पहिल्या हीटरला, तिथून पट्टीनं दुसऱ्याला, असं करत सहाव्यातून इंजिनच्या बॉडीला, म्हणजे अर्थला. बारा व्होल्ट सात ठिकाणी वाटले जायचे. प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदोन व्होल्टच्या आसपास. प्रवाह मात्र दणदणीत, हेडलाइट लागतात त्याच्या कितीतरी पट. म्हणून तारा जाड, पट्ट्या जाड, आणि एखादा नट जरा सैल असला तरी तिथेच ऊब निघून जायची.

ड्रायव्हरपुढची ती तार फार हुशारीनं ठेवलेली होती. आत जे चाललंय तेच तिच्यात दिसायचं. बॉनेट न उघडता दुखणं कळायचं. तार लाल झाली नाही, तर माळ कुठेतरी तुटली आहे. मंद तांबूस झाली, तर बॅटरी बसली आहे किंवा एखादा सांधा गंजला आहे. आणि भसकन पांढुरकी पेटली, तर तो शुभशकुन समजायचा नाही. एखादा हीटर काजळीनं भरून बॉडीला टेकला आहे, पुढच्यांना वीज मिळतच नाही आणि मागच्यांवर सगळा भार आला आहे, असं समजायचं. नवे ड्रायव्हर पांढऱ्या तारेवर खूश होत. जुना ड्रायव्हर ताबडतोब हात काढून घेई.

मी हे शिकलो ते तासगावातल्या एका गॅरेजमध्ये, चौदा-पंधरा वर्षांचा असताना. आमच्या मिस्त्रींचं शिक्षण मराठी चौथी. व्होल्ट, अँपिअर हे शब्द त्यांना माहीत होते, सूत्रं नव्हती. पण माळ तुटलेली कुठे ते शोधायची त्यांची रीत मी पुढे आयटीआयच्या फळ्यावर सव्वीस वर्षं शिकवली. टेलच्या दिव्याचा एक बल्ब, त्याला दोन वायरी. एक वायर बॉडीला टेकवायची, दुसरीनं हीटर चालू ठेवून एकेक जागा शिवत जायची. स्विचच्या आधी बल्ब लागला, स्विचनंतर लागला, तारेच्या पुढे लागला, पहिल्या हीटरच्या अलीकडे लागला, पलीकडे लागला. पुढे सरकत राहायचं. जिथे अलीकडे लागतो आणि पलीकडे लागत नाही, तिथे माळ तुटली. एवढंच. मिस्त्री म्हणत, "मधनं सुरुवात करायची न्हाई. अंदाज बांधायचा न्हाई. पंक्तीत वाढतोस तसं वाढत जायचं, एक पान सोडायचं न्हाई."

हीटर बॉडीला टेकला असेल तर खूण वेगळी. मग प्रवाह चालू असतो, त्यामुळे बल्ब पुढे जाईल तसा मंद होत जातो आणि टेकलेल्या हीटरपाशी एकदम विझतो. तो काढायचा, काजळी घासायची, परत बसवायचा.

बल्ब नसेल तर रस्त्यावरची दुसरी तऱ्हा होती. जाड वायरचा तुकडा घेऊन एकेका हीटरची दोन टोकं जोडायची, म्हणजे त्या हीटरला वगळायचं. ज्याला वगळल्यावर डॅशबोर्डवरची तार लाल होते, तो मेलेला. वायर तिथेच ठेवून गाडी चालू करायची आणि गाव गाठायचं. मिस्त्रींची ताकीद एकच होती. एका वेळी एकच हीटर वगळायचा, आणि तसं केलं तर हीटर नेहमीपेक्षा कमी वेळ धरायचा. त्यामागचं गणित मला फार उशिरा कळलं.

१९७१ सालचा फेब्रुवारी असेल. थॉमसन जातीची बिनबियांची द्राक्षं आमच्या भागात जोर धरत होती. पुढे याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधूनच 'तास-ए-गणेश' ही जात निवडून काढली आणि तालुक्याचं नाव देशभर गेलं, पण ती नंतरची गोष्ट. त्या काळी विहिरीवर एक-दोन एकर बाग असणारा माणूस म्हणजे धाडसी. सावळजच्या बाजूला असाच एक बागायतदार होता. विहिरीसाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं, मार्चअखेर हप्ता. दिवसभर काढणी झाली, रात्री कंदिलाच्या उजेडात लाकडी पेट्या भरल्या, हौद्यात लावल्या. पहाटे पाचला मुंबईसाठी निघायचं तर तार लाल होईना. मिस्त्री परगावी लग्नाला गेलेले. क्लीनर सायकलवरून मला उठवायला आला.

गेलो तेव्हा चांगलीच थंडी होती. द्राक्षाच्या दिवसांत आमच्याकडे पहाटे पारा दहा अंशांजवळ येतो. बागायतदार घोंगडी पांघरून उभा. ड्रायव्हर म्हणाला, "काय पोरा, जमतंय का? न्हाईतर बैल लावू." भरलेला ट्रक सपाट जमिनीवरून बैलांनी ओढून चालू करणं म्हणजे ऋषिपंचमीचा आमचा रथ ओढण्यासारखंच, फरक एवढाच की रथाला गावभरची माणसं असतात.

बल्ब मी घाईत विसरून आलो होतो. वायरचा तुकडा होता. पहिला हीटर वगळला, तार काळी. दुसरा, काळी. तिसऱ्यापाशी हात भाजला, वायर निसटली, आणि घाईत मी तिसऱ्याच्या आणि चौथ्याच्या बाहेरच्या टोकांना मिळून ती एकदमच लावली. तार लाल झाली. लाल कसली, पिवळी झाली. ड्रायव्हरनं नेहमीसारखा पुरा मिनिटभर हीटर धरला, सेल्फ मारला आणि इंजिन घेतलं! बागायतदारानं माझ्या पाठीवर थाप मारली, पोटभर द्राक्षं दिली. दोघांपैकी नेमका मेलेला कोणता हे मी बघितलंच नाही. चालू झालेलं इंजिन बंद करून तपासणी करायला कोण सांगणार?

आता गणित. सातांपैकी दोन वगळले, उरले पाच. बारा व्होल्ट पाचांत वाटले तर प्रत्येकाला जवळजवळ अडीच. व्होल्टेज चाळीस टक्के वाढलं की तारेतली ऊब जवळजवळ दुप्पट होते. एकच वगळला असता तर ऊब साधारण एक तृतीयांशानं वाढली असती, आणि थोडा वेळ धरून भागलं असतं. मी एक चांगला हीटर उगाच वगळला आणि उरलेल्यांना दुप्पट भाजलं.

गाडी कऱ्हाड, सातारा, खंबाटकी, कात्रज करत रात्री लोणावळ्याला पोचली. रात्री दोनला उठून घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत क्रॉफर्ड मार्केट गाठायचं असा बेत. पाच-सहा तास इंजिन लोणावळ्याच्या थंडीत उभं. दोन वाजता तार काळी. आता किती हीटर जळाले होते, कोण मोजणार? त्यांनी चिंधीचा बोळा डिझेलमध्ये भिजवून पेटवला आणि हवा आत जाते त्या तोंडाशी धरला. तेही जमलं नाही. बॅटरी बसली. गाडी उभी सपाटीवर, उतारही नाही. सकाळी नऊच्या सुमारास दुसऱ्या ट्रकनं साखळीनं ओढून ती चालू करून दिली. त्या दिवसाचा लिलाव संपलेला होता. माल दुसऱ्या दिवशी उतरला. तोवर मणी देठापासून सुटायला लागले होते.

भाव किती पडला हे मला बागायतदारानं कधी सांगितलं नाही. हप्ता भरायला त्यानं एक बैल विकला हे गावात कळलं. मिस्त्री चिडले नाहीत. त्यांनी गॅरेजमधला जुन्या हीटरांचा डबा माझ्यापुढे ओतला आणि म्हणाले, "एकेक बल्बावर लाव. जळका कोणता, धड कोणता, वहीत लिही." दोन दिवस तेच केलं. डब्यात बरेच धड निघाले. घाईत दोन-दोन बदललेले, त्यातले अर्धे विनाकारण काढलेले.

ही माळ ट्रकमधून गेली ती कोणी बंदी घातली म्हणून नाही. जर्मन कंपनीशी झालेला करार १९६९ मध्ये संपला आणि चांदणीच्या जागी टाटांचा टी आला. कोठडीचं इंजिन गार भिंतींना ऊब देत राहतं म्हणून तेल जास्त खातं. १९७३ नंतर जगात तेलाचे भाव भडकले आणि हा फरक मालकांच्या खिशाला लागू लागला. टाटांच्या ट्रकमध्ये पुढे ६९२ डीआय हे इंजिन आलं. नावातच सगळं आहे. सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर व्यास, आणि डीआय म्हणजे तेल थेट सिलिंडरमध्ये. त्यानंतर ६९७ आलं, ९७ मिलिमीटरचं. कोठडी गेली, तशी हीटरची माळही गेली. सेल्फ मारला की इंजिन घ्यायचं. लेलँडवाल्यांची थट्टा संपली.

हीटर मात्र पुरता गेला नाही, लहान गाड्यांत उतरला. आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या मॅटॅडोरमध्ये मर्सिडीजच्याच घराण्यातलं चार सिलिंडरचं कोठडीवालं इंजिन बसत असे. डिझेल जीप होत्या, पुढे सुमो आली. या लहान गाड्यांमध्ये हळूहळू पेन्सिलीसारखे हीटर आले, आणि ते माळेत नाही, प्रत्येकाला स्वतंत्र पुरवठा असलेले. घरातले दिवे असतात तसे. एक गेला तरी बाकीचे चालतात. इंजिन थोडं धडपडतं, धूर ओकतं, पण चालू होतं. सोय झाली यात शंका नाही. पण आयटीआयमध्ये शिकवताना मला एक अडचण जाणवायची. चारपैकी दोन हीटर गेले तरी पोरं गाडी तशीच चालवायची आणि तिसरा जाईपर्यंत कोणी बघायचं नाही. माळेत एक गेला की गाडी जागची हलत नसे, त्यामुळे तो एक शोधावाच लागे. वर्गात मी मुद्दाम सहा जुने हीटर लाकडी फळीवर ठोकून ठेवले होते. परीक्षेत त्यातला एक गुपचूप मेलेला बसवायचा. बरीच मुलं मधूनच सुरुवात करायची.

आता त्या १९६३ च्या गाडीकडे. शेडमध्ये पाच-सहा जण जमले होते. स्नेह्यांचा मुलगा, त्याचा मित्र, आणि पूर्वी हीच गाडी चालवणारे एक वृद्ध ड्रायव्हर काठी टेकत आलेले. हीटर सहाही जुन्या बाजारातून मिळवलेले, मुलानं एकेक बाहेर काढून बॅटरीवर तपासलेले. सगळे धड. स्विच नवा. "तरी तार पेटत नाही, आता वायरिंगच सगळं उपसून टाकू का, सर?" मी म्हटलं, थांबा, आधी पंगत वाढू.

बॅटरी बारा व्होल्ट पुरी. इंजिनची अर्थची पट्टी घट्ट. बल्बची एक वायर बॉडीला, मुलाला केबिनमध्ये बसवून हीटर धरायला सांगितला. स्विचनंतर बल्ब लागला. तारेपुढे लागला. पहिला हीटर, अलीकडे-पलीकडे लागला. दुसरा लागला. तिसरा लागला. चौथ्याच्या पलीकडे लागला. पाचव्याच्या अलीकडे, अंधार. म्हणजे चौथा धड, पाचवा धड, आणि तुटलेली ती मधली पट्टी. पट्टी डोळ्यांना तर नवी कोरी दिसत होती, दोन्ही नट घट्ट. मुलगा म्हणाला, "सर, ही तुटेल कशी? ही तर अखंड आहे."

पाचव्याकडचा नट सोडला. पट्टीच्या टोकाला, नट बसतो नेमक्या त्या जागी, हिरवट रंगाचा जाड थर. गाडी नव्यासारखी करताना रंगाऱ्यानं सगळं इंजिन फवाऱ्यानं रंगवलं होतं. ही पट्टी तेव्हा सुटी ठेवलेली असणार, तिलाही दोन हात मिळाले. बाकीच्या पट्ट्या जागेवरच होत्या म्हणून वाचल्या. मुलानं पॉलिश पेपरनं दोन्ही टोकं घासली, तांबं उघडं केलं, नट आवळला.

"आता धर," मी म्हटलं. वृद्ध ड्रायव्हर केबिनच्या पायरीला काठी टेकून आत डोकावत होते. जाळीआडची तार आधी काळीच राहिली, मग काठाला तांबूस झाली, मग मधोमध लाल. मुलानं लगेच सेल्फकडे हात नेला.

"हं, हं, थांब," ड्रायव्हर म्हणाले. "पुरी होऊ दे. पंचेचाळीस मोज."

पोरानं मोठ्यानं मोजलं. सेल्फ दोनदा घरघरला, धुराड्यातून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, शेडमधली मंडळी खोकत बाहेर पळाली आणि इंजिन चालू झालं. ड्रायव्हर तिथेच उभे राहिले. जरा वेळानं त्यांनी मुलाला गाडी बंद करायला लावली, इंजिन गार होऊ दिलं, आणि चार वाजता पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजायला लावलं.